टीव्हीचे वॉल माउंट आणि आवाजाची केबल: दोन जोड्या वापरून पाहिल्यानंतर

होम थिएटरसाठी स्पीकर निवडताना आपण महिनोन्महिने चौकशी करतो, पण टीव्ही कोणत्या माउंटवर टांगायचा आणि आवाज कोणत्या केबलने न्यायचा, हे बहुधा बसवायला आलेला कारागीरच ठरवून जातो. माझ्याकडेही तसेच झाले. ५५ इंची टीव्हीला स्थिर माउंट आणि साउंडबारला ऑप्टिकल केबल अशी जोडी मी दोन वर्षे वापरली. आता फुल मोशन माउंट (टीव्ही पुढे ओढता आणि वळवता येणारा) आणि एचडीएमआय एआरसी (एचडीएमआय केबलनेच टीव्हीचा आवाज साउंडबारकडे नेण्याची सोय) वापरतो. हे दोन निर्णय वेगळे वाटले, तरी टीव्हीमागच्या बोटभर जागेत ते एकमेकांत अडकलेले असतात.

स्थिर माउंटची बाजू कमकुवत नाही. टीव्ही तसबिरीसारखा भिंतीलगत बसतो, खर्च कमी येतो आणि भिंतीवर ओढही कमी पडते. ऑप्टिकल केबलमधून प्रकाश जातो, वीज नाही. त्यामुळे अर्थिंगच्या दोषाने येणारी गुणगुण तिच्या वाटेने साउंडबारपर्यंत येत नाही. तिच्यातून फार तर कॉम्प्रेस केलेला ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांसाठीचा) आवाज जातो, अ‍ॅटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही येणारा भासणारा आवाज, जात नाही, हे खरे. पण बातम्या आणि मालिका ऐकताना माझ्या कानांना काही उणे वाटले नाही.

मला नकोसा झाला तो टीव्हीमागे हात घालण्याचा खटाटोप. भिंत आणि टीव्ही यांत जेमतेम इंचभर फट होती. सेट-टॉप बॉक्स बदलला तेव्हा मोबाइलचा टॉर्च भिंतीला टेकवून मी चाचपडत होतो. बोटे दुसऱ्या पेरापर्यंतच जात होती आणि त्या गडबडीत ऑप्टिकलचा प्लग मानेशी वाकला. पुढे आवाज मधूनमधून तुटू लागला. अखेर दोघांनी मिळून टीव्ही उतरवला, केबलचे टोक तळहातावर धरले, तर एरवी ठळक दिसणारा लाल ठिपका अगदी मंद पडलेला होता. दहा रुपयांचे काम नसताना टीव्ही उतरवा, गादीवर ठेवा, पुन्हा चढवा, हे त्या वर्षात तीनदा झाले.

फुल मोशन माउंटवर टीव्ही एका हाताने पुढे ओढता येतो आणि मागचे सगळे पोर्ट समोर दिसतात. एआरसीमुळे आवाज टीव्हीच्याच रिमोटने कमी-जास्त होतो, ही सोय घरातल्या ज्येष्ठांना फार आवडली. टीव्ही आणि साउंडबार दोन्ही ईएआरसीचे (एआरसीच्या सुधारित आवृत्तीचे) असतील, तर कॉम्प्रेस न केलेला बहुचॅनल आवाजही जातो. एआरसीतही खोड आहे: वीज जाऊन आल्यावर टीव्ही कधी कधी साउंडबारला ओळखत नाही आणि प्लग काढून पुन्हा लावावा लागतो. स्थिर माउंटवर ही शिक्षाच ठरली असती. आता ते अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

अर्थात, भिंत आधी पाहावी. टीव्ही पुढे ओढला की त्याचे वजन भिंतीला तरफेसारखे खेचते. माझी भिंत नऊ इंची विटांची असल्याने अँकर घट्ट बसले. पण हलक्या एएसी ब्लॉकच्या (सच्छिद्र काँक्रीटच्या विटांच्या) भिंतीत साधे प्लॅस्टिकचे प्लग पुरत नाहीत, तिथे त्या ब्लॉकसाठीचेच अँकर हवेत, आणि त्याची खात्री नसेल तर स्थिर माउंटच बरे, असे मी म्हणेन. ज्यांना एकदा जोडले की पुन्हा काही काढायचे-घालायचे नाही, त्यांचेही स्थिर माउंटवर भागेल. बाकीच्यांनी, माझ्या मते, थोडे अधिक पैसे माउंटवर घालावेत आणि ते महागडी केबल टाळून वाचवावेत. कमी अंतरात चांगल्या साध्या एचडीएमआय केबलपेक्षा महागडी वेगळी ऐकू येते, असा अनुभव मला तरी आला नाही.

केबलची लांबी मात्र टीव्ही पूर्ण पुढे ओढून, एका बाजूला वळवून मगच मोजावी. मी टीव्ही भिंतीलगत असताना मोजली होती, म्हणून दीड मीटरची केबल परत करून तीन मीटरची आणावी लागली.