शेतावरच्या शेडसाठी बॅटरीवरची हत्यारे: बॉश, मकिता की डिवॉल्ट?

सहा फुटी रोटाव्हेटरला साधारण ४२ ते ४८ पाती असतात आणि प्रत्येक पात्याला दोन बोल्ट. मातीने आणि गंजाने धरलेले हे नव्वदेक नट हाताच्या पान्याने सोडवताना माणूस थकून जातो. शेडमध्ये बॅटरीवरच्या मशीनचा खरा उपयोग इथे आहे, म्हणून कंपनी निवडतानाही आधी इम्पॅक्ट रेंच, म्हणजे ठोके देत नट फिरवणारी मशीन, पाहावी. ड्रिल तिघांचीही चांगलीच आहे.

आवळण्याचा जास्तीत जास्त जोर, न्यूटन मीटरमध्ये:

| कंपनी | मधली मशीन | मोठी मशीन |
|---|---|---|
| बॉश (निळी) | जीडीएस १८व्ही-४००: ४०० | जीडीएस १८व्ही-१०५० एच: १०५० |
| मकिता | डीटीडब्ल्यू ३००: ३३० | डीटीडब्ल्यू १००२: १००० |
| डिवॉल्ट | डीसीएफ ८९४: ४४७ | डीसीएफ ८९९: ९५० |

खोक्यावर याहून मोठा आकडा दिसला, तर तो बहुधा सोडवण्याच्या जोराचा असतो. डीसीएफ ८९९ वर तो १६२५ आहे, जीडीएस १०५० वर १७००. एका कंपनीचा सोडवण्याचा आकडा दुसरीच्या आवळण्याच्या आकड्याशी ताडून पाहिला की हिशेब चुकतो. सारख्याला सारखे लावले तर तिघांत फारसे अंतर उरत नाही.

रोटाव्हेटरची पाती आणि कल्टिव्हेटरचे फाळ, म्हणजे १९ आणि २२ नंबरच्या पान्याचे काम, मधल्या मशीनने होते. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचे गंजलेले नट आणि पलटी नांगर यांसाठी मोठी लागते. ती बॅटरीसह साडेतीन किलोच्या आसपास जाते आणि नांगराखाली आडवे पडून धरताना ते वजन जाणवते. नटावर बसणाऱ्या गोट्या (सॉकेट) मात्र काळ्या, इम्पॅक्टसाठीच्याच घ्या. चकचकीत क्रोमच्या गोट्या ठोक्याने तडकतात आणि तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. शेवटचे आवळणेही मशीनवर सोडू नका, चाकाचे नट टॉर्क पान्यानेच पक्के करा.

निवड ठरते ती बॅटरीवर. एकदा तीन-चार बॅटऱ्या आणि चार्जर घेतले की पुढची दहा वर्षे त्याच कंपनीची बिनबॅटरीची मशीन स्वस्तात घेता येते. पण एकाच नावाखाली न जुळणाऱ्या बॅटऱ्या विकल्या जातात, आणि फसगत इथेच होते. बॉशच्या हिरव्या घरगुती मशीनची १८ व्होल्टची बॅटरी निळ्या मशीनला बसत नाही. मकिताच्या स्वस्त जी मालिकेची बॅटरी, उदाहरणार्थ एचपी ४५७डी ड्रिलसोबत येणारी, एलएक्सटी या त्यांच्या मुख्य १८ व्होल्टच्या मालिकेतल्या मशीनला चालत नाही. डीटीडब्ल्यू, डीजीए, डीएचपी असे एलएक्सटीचे १८ व्होल्टचे मॉडेल घ्या. मकिताची ४० व्होल्टची एक्सजीटी मालिकाही पूर्ण वेगळी आहे. डिवॉल्टची ५४ व्होल्टची फ्लेक्सव्होल्ट बॅटरी मात्र त्यांच्या १८ व्होल्टच्या मशीनवर चालते. पिवळा रंग पाहून स्टॅनलीची बॅटरी उचलू नका, ती डिवॉल्टला लागत नाही. डिवॉल्टवर कुठे १८ आणि कुठे २० व्होल्ट लिहिलेले असते, तो फरक फक्त नावाचा: आत दोन्हीकडे पाचच सेल एकापुढे एक जोडलेले, भार नसताना २०, कामात १८.

इम्पॅक्ट रेंचला ५ अँपिअर-तासाची बॅटरी लावा. २ च्या बॅटरीत सेलची एकच ओळ असते. जोराचा ठोका मागितला की तिचा व्होल्टेज खाली बसतो आणि नट हलत नाही. दोष मशीनला दिला जातो.

ग्राइंडरबाबत आमचे मत स्पष्ट आहे: मुख्य ग्राइंडर वायरचाच ठेवा. १८ व्होल्ट गुणिले ५ म्हणजे ९० वॅट-तास. लोखंड कापताना ग्राइंडर सहाशे वॅट ओढतो, म्हणजे बॅटरी नऊ-दहा मिनिटांत संपते. बांधावर एखादा अँगल कापायला बॅटरीचा उत्तम, शेडमध्ये गेट बनवायला नाही. घेतलाच तर १०० मिलिमीटरचा घ्या, कारण तालुक्याच्या दुकानात १६ मिलिमीटर भोकाचे चार इंची कटिंग व्हील हमखास मिळते. १२५ च्या ग्राइंडरला ते बसत नाही.

लाईटचे वेळापत्रक आपल्या हातात नसते, त्यामुळे किमान दोन बॅटऱ्या आणि वेगाने भरणारा चार्जर हवा. मकिताचा डीसी१८आरसी ५ ची बॅटरी ४५ मिनिटांत भरतो, साध्या चार्जरला त्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो. चार्जिंग १० ते ४० अंशांतच करायचे असते. विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी हे जमणार नाही. सकाळी किंवा घरात भरा, आणि कामावरून आलेली गरम बॅटरी आधी निवू द्या. युरिया, मोरचूद यांच्या शेजारी बॅटरी ठेवली तर टोके गंजतात. हंगाम संपल्यावर रिकामी ठेवून दिलेली बॅटरी सहा महिन्यांनी चार्जर घेतच नाही. अर्धी भरून ठेवा.

मग घ्यायची कोणती? जवळ अधिकृत सेवा केंद्र एकाच कंपनीचे असेल तर तीच घ्या, बाकी सगळे गौण. ब्रशलेस मशीनला कार्बन बदलावे लागत नाहीत, पण आतला बोर्ड गेला तर गावात दुरुस्ती होत नाही. तिन्ही केंद्रे सारख्याच अंतरावर असतील, तर शेतासाठी आमचा कल मकिताकडे आहे: ग्रीस गन आहे आणि दोन १८ च्या बॅटऱ्यांवर चालणारी ३६ व्होल्टची चेनसॉही आहे, तीही त्याच बॅटऱ्यांत. ग्रीस गन डिवॉल्टमध्येही मिळते. ड्रिल आणि इम्पॅक्ट रेंच एवढेच लागणार असेल तर बॉश पुरेशी आहे.

‘४८ व्होल्ट’, ‘८८ व्होल्ट’ लिहिलेल्या स्वस्त मशीनच्या आतही बहुतेक पाचच सेलची रांग असते, पूर्ण भरल्यावर २१ व्होल्ट. मकिताच्या नावाची नकली बॅटरीही खूप विकली जाते. ५ अँपिअर-तासाच्या खऱ्या बॅटरीत दहा सेल असतात आणि तिचे वजन सहाशे ग्रॅमच्या वर भरते. पैसे देण्याआधी दुकानातल्या काट्यावर ठेवा. साडेतीनशे-चारशे ग्रॅम भरली तर आत पाचच सेल आहेत.