१:३५ टी-५५ रणगाड्याचं किट : दिवाळी ते आषाढ

दिवाळीच्या बोनसमधून घेतलेलं टी-५५ या सोव्हिएत रणगाड्याचं किट, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचं, सुटे प्लॅस्टिकचे भाग जोडून करायचं मॉडेल, आषाढ लागता लागता पूर्ण झालं. खोका उघडून दोन दिवसांत लिहिलेली मतं भरपूर वाचायला मिळतात. भाग किती सुबक आहेत तेवढंच त्यात असतं. चिकटवताना, रंगवताना आणि पहिला पाऊस पडल्यावर काय होतं ते कोणी लिहीत नाही, म्हणून हा खटाटोप. कंपनीचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि त्यातल्या निम्म्या माझ्याच हाताच्या आहेत.

मी नाशिकच्या अंबडला टूलरूममध्ये कामाला आहे. इंजेक्शन मोल्डिंगचे साचे बनवणं हाच धंदा, त्यामुळे खोका उघडला तेव्हा मला आधी रणगाडा दिसलाच नाही, मोल्ड दिसला. गेट, म्हणजे प्लॅस्टिक आत शिरायची वाट, कुठे दिलाय, साच्याच्या दोन भागांची पार्टिंग लाईन कुठून नेलीय, भाग बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनचे गोल ठसे कुठे लपवलेत. ठसे बहुतेक आतल्या बाजूला ठेवलेत, तिथे साचेवाल्याला शाबासकी. पण फेंडरवरच्या, म्हणजे पट्ट्यांवरच्या पत्र्यावरच्या, एका पेटीच्या झाकणावर चांगला खड्डा होता. खाली आधाराची रिब जाड ठेवली की तिथलं प्लॅस्टिक सगळ्यात शेवटी थंड होतं आणि वरचा पृष्ठभाग आत ओढून घेतं. आमच्याकडे असा पीस गिऱ्हाईक परत पाठवतं. इथे पुट्टी भरून घासणं आपल्याकडे.

मापाला मात्र किट पक्कं. खऱ्या टी-५५ च्या रोड व्हीलचा, म्हणजे पट्ट्यावर चालणाऱ्या मोठ्या चाकाचा, व्यास ८१० मिमी, भागिले ३५ म्हणजे २३.१. माझ्या व्हर्नियरवर २३.०५ आलं. एवढं पुष्कळ झालं. मुळात हा ३५ चा विचित्र आकडा आला कुठून, हे मला ठाऊक नव्हतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामियाने मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. आत मोटर आणि सेल मावले पाहिजेत म्हणून मॉडेलचा आकार ठरवला आणि मागून मोजलं तर तो साधारण १:३५ भरला. आधी सेल, मग स्केल! पुढे जगभर तेच माप रूढ झालं.

जोडणीत सगळ्यात चांगला अनुभव गोंदाचा. पातळ सिमेंट म्हणून जे मिळतं ते चिकटवत नाही, प्लॅस्टिक विरघळवून एकजीव करतं. दोन भाग जुळवून धरायचे, फटीवर ब्रश टेकवायचा, द्रव आपोआप आत पळतो. तोफेची नळी दोन उभ्या फाकांत होती. सिमेंट लावून जरा दाबल्या की सांध्यातून वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक कड वर येते. ती तशीच राहू द्यायची, दुसऱ्या दिवशी घासायची. मी पहिल्या वेळी दोन तासांत घासली, पुसटसा सांधा पुन्हा खाली बसला आणि रंग दिल्यावर उघडा पडला. डिसेंबरच्या थंडीत तर चोवीस तासही कमी पडतात. फेविक्विक फक्त पितळी पत्र्याच्या भागांना वापरा. हेडलाईटच्या काचेजवळ नेलंत तर काचेवर पांढरा धूर बसतो.

आता पट्टे. टी-५५ ला पट्टा वरून तोलून धरणारे छोटे रिटर्न रोलर नाहीत. पाच रोड व्हील, पहिल्या आणि दुसऱ्यात जरा जास्त अंतर, पट्टा ओढणारं दातेरी चाक, स्प्रॉकेट, मागे. खरा पट्टा लोखंडी, टनाच्या हिशोबाने जड, त्यामुळे वरच्या बाजूला तो चाकांच्याच डोक्यावर लोळतो आणि मध्ये झोळ पडतो. किटमधला पट्टा मऊ, रबरासारख्या एकसंध पट्टीचा. तो ताणून बसतो आणि चाकांच्या वर तीन-चार मिमी अधांतरी राहतो. छत्तीस टनांचा रणगाडा खेळण्यातला दिसू लागतो तो इथेच. मी एक-एक मिमीची भोकं पाडून आतून काळा दोरा ओवला आणि पट्टा खाली खेचून हलच्या, म्हणजे रणगाड्याच्या धडाच्या, आत गाठ मारली. डावी बाजू छान बसली. उजवीकडे गाठ सुटली, ती फेंडर चिकटवल्यावर! शेवटी फेंडर आणि पट्ट्याच्या मध्ये कापूस कोंबून पट्टा दाबला, फेविक्विकचा थेंब प्रत्येक चाकावर सोडला, रात्रभर तसाच ठेवला. अजूनही नीट पाहिलं तर चौथ्या चाकापाशी फट दिसते. पुढच्या वेळी सुट्या कड्यांचे पट्टे वेगळे घेणार, मग त्यात चार रविवार गेले तरी चालतील.

मला हा रणगाडा भारतीय करायचा होता, १९७१ चा. तेव्हा समोर पाकिस्तानकडे चिनी टाईप ५९ होते आणि टाईप ५९ ही टी-५४ चीच नक्कल. धुरळ्यात आपला कोण, परका कोण हे कळावं म्हणून आपल्या टी-५५ च्या नळीवर मधोमध एक खोटा फ्यूम एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे दिखाऊ जाड बांगडी, बसवला होता. नळीतला धूर काढणारा खरा नळीच्या टोकाला असतो, हा नुसता ओळखीसाठी. किटमध्ये हा भाग अर्थातच नाही. जेवणाच्या सुट्टीत लेथवरच्या अण्णांकडे गेलो.

"अण्णा, एक बुश काढून द्या ना. आतून चार पॉइंट तीन, लांबी अठरा."

"कोणत्या जॉबचा?"

"तोफेचा."

अण्णांनी चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं, आणि डेलरिन या कडक प्लॅस्टिकच्या तुकड्यातून दहा मिनिटांत बांगडी काढून दिली. दोन्ही टोकांना चँफर, म्हणजे तिरपी कड, न सांगता दिला. अख्ख्या मॉडेलमधला सर्वांत अचूक भाग तोच आहे. डेलरिनला ना गोंद धरतो ना रंग, हे मात्र आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. नळीवर घट्ट बसते म्हणून टिकलीय, आणि तिच्यावरचा रंग दोनदा सोलपटून निघालाय. तुम्ही ॲल्युमिनियमची काढून घ्या.

रंगासाठी हवेने रंग फवारणारा एअरब्रश घेतला, ०.३ मिमी नॉझलचा, सोबत छोटा टाकीवाला कंप्रेसर. साडेतीन हजारांच्या किटपायी साडेआठ हजारांचं हे लटांबर आलं, ते घरी अजून पूर्ण सांगितलेलं नाही. प्रायमर नाशकातल्याच द्वारकेजवळच्या गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून आणला. चालतो, पण लांबून, हलका, दोन-तीन हातांत. एका जागी थांबलात तर प्लॅस्टिक खातो, म्हणून आधी उरलेल्या रनरवर, म्हणजे भाग ज्या काड्यांना जोडून येतात त्यांवर, मारून पाहा. पाण्यावरच्या ॲक्रिलिकमध्ये मी आयसोप्रोपिल अल्कोहोल घातलं आणि कपात रबडी झाली. नॉझल साफ करण्यात रविवार गेला. अल्कोहोल चालणारे ॲक्रिलिक वेगळे, बाटलीवर वाचून घ्या.

एप्रिलमध्ये दुपारी रंग एअरब्रशच्या सुईच्या टोकावरच वाळतो आणि रेघेऐवजी ठिपके पडतात. सकाळी सातच्या आत काम उरकायचं किंवा रंग हळू वाळावा म्हणून रंगात रिटार्डरचे दोन थेंब टाकायचे. दाब पंधरा ते वीस पीएसआय पुरे. जूनमध्ये नेमकं उलटं, हवेतली वाफ कंप्रेसरच्या टाकीत पाणी होऊन साचते आणि ऐन वेळी मॉडेलवर थुंकते. टरेटच्या, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या, डाव्या बाजूला तसा एक डाग आहे. तो मी चिखलाखाली लपवला.

टरेटचं सांगतो. ते खऱ्यात ओतीव आहे आणि किटमध्ये आरशासारखं गुळगुळीत. सॅंड कास्टिंगचा खरखरीत पोत मला रोज दिसतो, तरी खात्री म्हणून नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये जाऊन आलो. सिन्नर, शिर्डी, राहुरी करत मोटारसायकलवर गेलो, कंबर दोन दिवस धरली होती. तिथल्या रणगाड्यांवर रंगाचे थरावर थर आहेत, त्यामुळे रंगाचं काही शिकता येत नाही. पण उन्हात तिरकं पाहिलं की ओतीव टरेटवरचे खाचखळगे दिसतात. घरी येऊन पुट्टी सिमेंटमध्ये पातळ केली, जुन्या ताठ ब्रशने टरेटवर टोचून टोचून लावली, आणि वाळल्यावर १०००च्या वॉटर पेपरने टोकं मारली. हाच एक भाग कोणी हातात घेतला की मी गप्प बसून बघत राहतो.

जुनाटपणा आणणं मला सर्वांत जड गेलं. पॉलिश केलेल्या साच्यावर ओरखडा पडू नये म्हणून वीस वर्षं आम्ही त्याला बोट लावत नाही, आणि इथे स्वतःच्या हाताने ओरखडे काढायचे! पहिल्या दिवशी मी ते रांगेत, सारख्या अंतरावर काढले. मुलगी म्हणाली, "बाबा, हे मोजून खराब केलंय का?" सगळं पुसून पुन्हा केलं, या वेळी जिथे जवान पाय ठेवून चढत असतील तिथेच. कोपऱ्यांतल्या सावल्यांना कॅमलचा बर्न्ट अंबर ऑईल रंग आणि टर्पेंटाईन पुरतं. आधी चकचकीत वार्निश द्या, म्हणजे रंग खाचेत धावतो, डाग धरत नाही.

चिखलासाठी मेहुण्याच्या निफाडच्या शेतातली काळी माती चाळून फेविकॉलमध्ये कालवली. ओली असताना फारच झकास दिसली. वाळल्यावर मात्र वावराला उन्हाळ्यात भेगा पडतात तशाच भेगा, आणि खपल्या पट्ट्यांवरून गळून टेबलावर. काळी माती ओली फुगते, वाळून आकसते, हे शेतकऱ्याच्या जावयाला कळायला हवं होतं. शिवाय १९७१ ची लढाई जिथे झाली त्या पाकिस्तानातल्या शकरगडच्या बाजूची माती गाळाची, फिकट. मग नदीतली बारीक रेती गाळणीने गाळली, त्यात भुऱ्या-करड्या पेस्टल खडूंचा चुरा घातला. ते टिकलं.

नाशकात किट मिळेल असं दुकान मला सापडलं नाही, ऑनलाईनच मागवावं लागतं. परदेशातून मागवलंत तर कस्टमचा हिशोब आधी धरा. वॉटर पेपर, कानशी, पेस्टल, ब्रश सगळं मेन रोडच्या आसपास मिळतं आणि मॉडेलचा शिक्का नसल्याने निम्म्यात मिळतं.

किट पुन्हा घेईन का? घेईन, याच कंपनीचं, पट्टे वेगळे. पाऊस आहे तोवर रंगकाम बंद आहे. आणि कंप्रेसर घेतलाच असेल तर टाकीखालचा नट दर आठवड्याला उघडा. काल माझ्या टाकीतून दोन चमचे गढूळ पाणी निघालं.