ब्रोकेडचे एफसी राउटिंग: फॅब्रिक वेगळी ठेवून ॲरे वाटून घेण्याची सोय

दोन स्वतंत्र सॅन फॅब्रिक (सर्व्हरना ॲरेसारख्या साठवणूक उपकरणांशी जोडणारी स्विचची जाळी) नेहमीच्या आयएसएलने, म्हणजे स्विच ते स्विच जोडणीने, जोडली की ती शेजारी राहत नाहीत, एकच फॅब्रिक होऊ पाहतात. प्रिन्सिपल म्हणजे मुख्य स्विचची निवड नव्याने होते. १ ते २३९ या मर्यादेतले डोमेन आयडी, म्हणजे स्विचचे क्रमांक, दोन्हीकडे सारखे निघाले तर जोडणी सेगमेंट होते, म्हणजे फॅब्रिक एक न होता वेगळीच राहतात, आणि झोनिंगच्या (कोणते उपकरण कोणाला दिसावे हे ठरवणाऱ्या) नोंदींत एकाच नावाखाली वेगळे सदस्य आढळले तरीही तेच घडते. हे सारे निस्तरून विलीनीकरण पार पडले, तरी एका बाजूच्या बिघाडाची झळ दुसऱ्या बाजूला पोहोचण्याची वाट कायमची उघडी राहते. एखादी टेप लायब्ररी दोन विभागांनी वाटून घ्यायची आहे किंवा जुन्या ॲरेवरचा डेटा नव्या ॲरेवर न्यायचा आहे, एवढ्यासाठी ही किंमत मोजणे मला पटत नाही. सॅन स्विचसाठी ओळखल्या जाणाऱ्या ब्रोकेडचे एफसी-एफसी (फायबर चॅनेल ते फायबर चॅनेल) राउटिंग, म्हणजेच एफसीआर, नेमक्या याच गरजेसाठी आहे.

यातील मुख्य कल्पना ईएक्स पोर्टची आहे. राउटरचे काम करणाऱ्या स्विचवरील ईएक्स पोर्ट एज फॅब्रिकमधल्या (राउटरला जोडलेल्या फॅब्रिकमधल्या) साध्या ई पोर्टला, म्हणजे स्विच ते स्विच जोडणीच्या पोर्टला, जोडले जाते, आणि त्या फॅब्रिकला पलीकडे आणखी एक स्विच असल्याचे दिसते. तो स्विच प्रत्यक्षात नसतो. ते राउटरने उभे केलेले ‘फ्रंट डोमेन’ असते आणि त्याच्या मागे दूरच्या फॅब्रिकच्या वतीने एक ‘ट्रान्सलेट डोमेन’ असते. दूरच्या ॲरेचे पोर्ट इथल्या नेम सर्व्हरमध्ये (फॅब्रिकमधील उपकरणांच्या नोंदवहीत) त्या ट्रान्सलेट डोमेनच्या पत्त्यावर प्रॉक्सी, म्हणजे प्रतिनिधी, म्हणून नोंदले जाते, आणि फ्रेम (डेटाचे पाकीट) पुढे पाठवताना राउटर तिच्यातील पत्ते बदलतो. त्यामुळे दोन्हीकडे डोमेन आयडी १ असला तरी काही अडत नाही. प्रत्येक फॅब्रिकला १ ते १२८ मधील वेगळा फॅब्रिक आयडी दिला की पुरते. प्रिन्सिपल स्विचची निवड आणि फॅब्रिकची पुनर्रचना ज्याच्या त्याच्या हद्दीतच थांबते.

मला या उत्पादनातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती एलसॅन (लॉजिकल सॅन) झोनची पद्धत. होस्ट (सर्व्हर) आणि ॲरे यांचा झोन दोन्ही फॅब्रिकांत स्वतंत्रपणे बनवावा लागतो आणि दोन्हीकडे त्याचे नाव ‘एलसॅन’ या उपसर्गाने सुरू व्हावे लागते. उरलेले नाव वेगळे असले तरी चालते, कारण राउटर सदस्यांचे पोर्ट डब्ल्यूडब्ल्यूएन (प्रत्येक पोर्टची एकमेव ओळख) ताडून पाहतो आणि जी उपकरणे दोन्ही झोनांत आहेत तेवढ्यांचीच ये-जा होऊ देतो. म्हणजे एका फॅब्रिकच्या व्यवस्थापकाने काहीही लिहिले तरी दुसऱ्याच्या संमतीशिवाय त्याचे एकही उपकरण पलीकडे दिसत नाही. दोन वेगवेगळ्या चमू, कधी दोन वेगळ्या कंपन्या, आपापले फॅब्रिक सांभाळत असतील तर यासारखे संरक्षण नाही.

याच गुणाची दुसरी बाजू म्हणजे दुप्पट काम. सर्व्हरला सॅनशी जोडणारे एचबीए कार्ड बदलले की नवा डब्ल्यूडब्ल्यूएन दोन्हीकडे घालावा लागतो, आणि एका बाजूला राहून गेला तर कोणताही इशारा न मिळता ॲरे फक्त दिसेनासा होतो. अशा वेळी राउटरवर एलसॅन झोनची स्थिती दाखवणारी आज्ञा उपयोगी पडते. उपकरण त्या फॅब्रिकचेच आहे, पलीकडून आयात झाले आहे, की नुसतेच झोनमध्ये लिहून ठेवले आहे, हे तिथे स्पष्ट दिसते. माझ्या मते एफसीआर शिकणाऱ्याने पहिल्यांदा तीच आज्ञा शिकावी.

प्रॉक्सीच्या पत्त्याकडेही लक्ष हवे. हा २४ बिटांचा पत्ता बदलला, तर डिस्कचा मार्ग त्या पत्त्यावरून ओळखणाऱ्या प्रणालींना, उदाहरणार्थ एचपी-यूएक्सच्या जुन्या पद्धतीच्या डिव्हाइस फाइल्सना किंवा डायनॅमिक ट्रॅकिंग (पत्ता बदलला तरी उपकरण ओळखण्याची सोय) बंद असलेल्या एआयएक्सला, डिस्क हरवल्यासारखे वाटते. ट्रान्सलेट डोमेनचा आयडी पक्का करून ठेवण्याची सोय ब्रोकेडने दिली आहे. ती पहिल्याच दिवशी वापरावी.

एका गैरसमजाबद्दल मात्र ठामपणे लिहिणे आवश्यक आहे. एफसीआर नियंत्रणाची पातळी वेगळी करते, डेटाची नव्हे. फायबर चॅनेलमध्ये बफर क्रेडिट, म्हणजे पुढची फ्रेम पाठवण्याची परवानगी, टप्प्याटप्प्याने दिले जाते, त्यामुळे पलीकडचे एखादे मंद उपकरण क्रेडिट परत करण्यात मागे पडले की कोंडी राउटरमधून मागे सरकते आणि त्याच जोडणीवरून जाणाऱ्या इतर होस्टनाही छळते. ‘राउटर बसवला, आता दोन्ही बाजू सुरक्षित’ असे समजून ईएक्स पोर्टच्या जोडण्यांची संख्या किमान ठेवणे धोक्याचे आहे. तिथे ट्रंक करावा, म्हणजे अनेक जोडण्या एकत्र बांधाव्यात, आणि देखरेख इतर आयएसएलपेक्षा कडक ठेवावी.

८ आणि १६ गिगाबिटच्या पिढीतील स्विचवर यासाठी इंटिग्रेटेड राउटिंगचा वेगळा परवाना लागतो, आणि व्हर्च्युअल फॅब्रिक (एका स्विचचे अनेक तार्किक स्विच करण्याची सोय) सुरू असेल तर ईएक्स पोर्ट फक्त बेस स्विच या खास तार्किक स्विचमध्येच बनवता येते. हे खरेदीपूर्वीच तपासावे. सिस्कोच्या एमडीएस स्विचवरील आयव्हीआर (इंटर-व्हीसॅन राउटिंग) हेच काम व्हीसॅनमध्ये, म्हणजे आभासी सॅनमध्ये, करते, आणि तिथे झोन एकदाच लिहिले की संबंधित व्हीसॅनमध्ये पोहोचतात. सर्व फॅब्रिक एकाच चमूच्या हाती असतील तर ती पद्धत मला अधिक सोयीची वाटते; मालक दोन असतील तर मी एलसॅनच निवडेन.

ज्या संस्थेत प्रत्येक होस्ट ए आणि बी अशा दोन फॅब्रिकांना जोडलेला आहे, तिथे ए साठी एक राउटर आणि बी साठी दुसरा घ्यावा. पैसे वाचवण्यासाठी एकाच राउटरमध्ये ए आणि बी दोन्ही आणून सोडले, तर त्या राउटरचा एक बिघाड किंवा फर्मवेअरचा एक दोष दोन्ही मार्ग एकाच वेळी बंद करू शकतो.