हयातीच्या दाखल्याच्या नावाने येणारा फोन : माजी सैनिक आणि वीरपत्नींनी वाचावे

पेन्शनर हयात असल्याचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. त्याचा नोव्हेंबर महिना लागला की हे फसवणुकीचे फोन सुरू होतात. पलीकडचा आधी ‘जय हिंद साहेब’ म्हणतो, मग तुमची रँक, सर्व्हिस नंबर, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नंबर, निवृत्तीची तारीख घडाघडा वाचून दाखवतो. “प्रयागराजच्या पेन्शन ऑफिसातून बोलतोय. स्पर्शवर तुमचा हयातीचा दाखला दिसत नाही. आज संध्याकाळपर्यंत झाला नाही तर पेन्शन बंद.” स्पर्श म्हणजे सैन्यदलांच्या पेन्शनची ऑनलाइन व्यवस्था. बोलणं अदबीचं, फौजी वळणाचं. उमेदीची सगळी वर्षं हुकूम मिळताच कामाला लागण्यात गेलेला माणूस इथे सापडतो. त्यात त्याला हिणवण्यासारखं काही नाही.

एवढी माहिती त्याच्याकडे आली म्हणजे तो सरकारीच असणार, हा समज घात करतो. पीपीओ आणि डिस्चार्ज बुकाचे फोटो आपल्याच हाताने बाहेर जातात. नावात चूक निघाली की ‘कोणी सांगेल का’ म्हणून युनिटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पीपीओचं पान टाकलं जातं. झेरॉक्सच्या दुकानात ईसीएचएसच्या (माजी सैनिकांची आरोग्य योजना) अर्जासोबतचे कागद ईमेलवर तसेच पडून राहतात. आपला पीपीओ नंबर माहीत असणं हा कोणाच्याही ओळखीचा पुरावा नव्हे.

पुढची चाल ठरलेली. व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल येते. चिन्ह तिरंग्याचं किंवा जीवन प्रमाणचं (हयातीच्या दाखल्याचं सरकारी अ‍ॅप), पण नावाच्या शेवटी ‘एपीके’, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल. ती उघडली की फोन स्वतःच सांगतो की अ‍ॅप अनोळखी ठिकाणचं आहे, पलीकडचा म्हणतो, “साहेब, ते येतंच, अलाऊ करा.” मग एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली जाते. खरा धोका इथे आहे, कारण त्यानंतर ओटीपी विचारावाच लागत नाही, येणारा प्रत्येक मेसेज परस्पर चोराकडे जातो. पडद्यावर फॉर्म येतो : पीपीओ, खातं, डेबिट कार्ड, ‘दहा रुपये पडताळणी शुल्क’. शेवटी सांगतात की फोन अर्धा तास बाजूला ठेवा, हात लावू नका. त्या अर्ध्या तासात खातं रिकामं होतं. कम्युटेशन (पेन्शनचा काही भाग विकून मिळालेली एकरकमी रक्कम) आणि ग्रॅच्युइटीची मुदत ठेव ऑनलाइन मोडता येते, आणि पेन्शन खात्यावर बँकेने आधीच मंजूर केलेलं कर्ज असेल तर तेही उचललं जातं. म्हणजे पैसे गेले ते गेलेच, वर हप्ता सुरू.

खरी पद्धत अशी. प्ले स्टोअरवरून ‘आधार फेस आरडी’ (चेहरा ओळखणारं) आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन अ‍ॅप आपण शोधून घ्यायची. कोणी पाठवलेल्या लिंकवरून नाही. चेहरा कॅमेऱ्यासमोर धरून दाखला होतो. इथेही मोबाइलवर ओटीपी येतो, पण तो आपणच उघडलेल्या अ‍ॅपमध्ये टाकायचा, फोनवर कोणाला सांगायचा नाही. स्पर्शवर आलेल्या पेन्शनरने पेन्शन देणारी संस्था म्हणून बँक निवडू नये, ‘स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद’, म्हणजे प्रयागराजचं पेन्शन ऑफिस, निवडावं. बँक निवडली तर दाखला भलतीकडे जातो, स्पर्शवर दिसत नाही, आणि मग असा फोन आला की तो खराच वाटतो. हे जमत नसेल तर जवळच्या सीएससी (सरकारी कामांच्या सेवा) केंद्रात किंवा बँकेच्या स्पर्श सेवा केंद्रात जावं; अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावं.

आणि एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा : दाखला उशिरा गेला तर पेन्शन थांबते, बुडत नाही. दाखला लागला की अडकलेल्या महिन्यांची रक्कम मिळते. ‘आज संध्याकाळपर्यंत’ या धमकीतला जीव इथेच जातो. ८० वर्षांवरच्यांना तर १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, त्यांनी नोव्हेंबरच्या गर्दीची वाट पाहू नये.

फाइल उघडली गेलीच असेल तर फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाका, वाय-फाय बंद करा. दुसऱ्या फोनवरून १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा, आणि कार्डामागच्या नंबरवर बँकेला कळवून खातं, कार्ड, नेट बँकिंग बंद करा. मिनिटं मोजावी लागतात, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ग्राहकाच्या चुकीने गेलेल्या पैशांचा भार बँकेला कळवेपर्यंतच ग्राहकावर आहे. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून तक्रार क्रमांक आणि वेळ कागदावर लिहून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज पुसू नका, तो पुरावा आहे. कॉल दुसरीकडे वळवलेले असतील तर ##००२# लावून ते रद्द करा. स्पर्शचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला आणि तिथे आपलाच खाते क्रमांक आहे ना, ते पाहा.

वीरपत्नी आणि कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या आजींच्या बाबतीत फोन बहुतेकदा नातवाच्या हातात असतो. म्हणून हे नातवालाही वाचून दाखवा. काही घरांत लाजेपोटी गोष्ट दाबली जाते आणि पहिले काही तास वाया जातात.

तक्रार केल्यावर काही दिवसांनी आणखी एक फोन येऊ शकतो : “तुमचे पैसे सापडलेत, परत मिळवायला प्रोसेसिंग फी भरा.” तोही त्याच टोळीचा समजा. सायबर पोलीस किंवा बँक पैसे परत करण्यासाठी फी मागत नाहीत.