गिटार हिरोचे नऊ महिने: ढोलवाल्याच्या हातात प्लास्टिकची गिटार

विसर्जन आटोपून पथकाचे ढोल खोलीत गेले की माझे हात शिवशिवायला लागतात. गेल्या वर्षी त्याच आठवड्यात नाशिकच्या कॉलेज रोडकडच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात पीएसटू (प्लेस्टेशन 2, टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र), लाल रंगाची वायरवाली प्लास्टिकची गिटार आणि गिटार हिरो या व्हिडिओ गेमच्या पहिल्या तीन भागांच्या डिस्क दिसल्या. साडेसहा हजारांत सगळं घेतलं. आता वटपौर्णिमा होऊन गेली, म्हणजे नऊ महिने झाले. बहुतेक रोज रात्री जेवणानंतर अर्धा-पाऊण तास वाजवलंय, त्यामुळे लिहायला हरकत नाही.

आधी रडगाणं. दुकानदार म्हणाला, "एकदम चालू कंडिशन." घरी आणल्यावर कळलं की तारांच्या जागी जी पट्टी असते, ती खाली मारली तरच ऐकते, वर मारली की ढिम्म. अंबडला आमच्या कारखान्यातल्या मेंटेनन्सच्या पोराने आतला मायक्रोस्विच बदलून दिला, एका मिसळीवर. दुसरा घोळ टीव्हीचा. हॉलमधल्या एलईडी टीव्हीला चित्र दाखवायला किंचित वेळ लागतो. पिक्चर बघताना ते जाणवत नाही, पण इथे पडद्यावरून सरकत येणारी रंगीत गोळी रेषेवर दिसते, आपण बरोबर मारतो आणि गेम म्हणतो चुकलास. दोन दिवस मला वाटलं माझाच हात गेला. मग आईने भंगारात द्यायला काढलेला डबा टीव्ही माळ्यावरून उतरवला. जुन्या पिक्चर ट्यूबला हा उशीरच नाही. पहिल्याच गाण्याला बरोबर मारलेल्या गोळ्यांचा आकडा सत्तर टक्क्यांवरून नव्वदवर गेला. कोणी हा गेम घेणार असेल तर आधी डबा टीव्ही शोधा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गिटारीच्या मानेवर हिरवं, लाल, पिवळं, निळं, नारिंगी अशी पाच बटणं. पडद्यावर त्याच रंगांच्या गोळ्या अंगावर येतात. बटण दाबून धरायचं आणि गोळी रेषेवर आली की पट्टी मारायची. सोप्या पातळीला तीनच रंग, मध्यमला निळा येतो, अवघडला नारिंगी. चार बोटं, पाच बटणं. करंगळीला आयुष्यात पहिल्यांदा काम लागलं.

मला हा गेम धरून ठेवतो तो एका साध्या गोष्टीमुळे. तुम्ही चुकलात की गिटार गप्प होते. बाकीचं गाणं चालूच राहतं, फक्त तिच्या जागी भोक पडतं. पथकात ताशा मध्येच थांबला तर वीस ढोल कसे उघडे पडतात, तसं. कॉलेजात मित्राच्या कॅसेटवर ही गाणी शेकडो वेळा ऐकली होती, पण एकसंध गोळा म्हणून. बोस्टनच्या 'मोअर दॅन अ फीलिंग'मध्ये गिटार कुठे बोलते आणि कुठे नुसती मागे उभी राहते, हे मला ती बंद पडल्यावर कळलं.

असं गप्प करायचं तर गिटारीचा ट्रॅक वेगळा हातात हवा. 2005 च्या पहिल्या भागात परवाना घेऊन वापरलेली जवळपास सगळी गाणी वेव्हग्रुप नावाच्या स्टुडिओने पुन्हा वाजवून रेकॉर्ड केलेली आहेत. पडद्यावर 'अमुक बँडने प्रसिद्ध केलेलं' असं प्रामाणिकपणे येतं. वाजवणारे कसलेले आहेत, गाणाऱ्यांचं मात्र प्रत्येक वेळी जमलेलं नाही. क्वीन बँडचं 'किलर क्वीन' लागलं की मला आमच्या ऑर्केस्ट्रातला 'व्हॉइस ऑफ किशोर' आठवतो. तिसऱ्या भागात मूळ रेकॉर्डिंगं बरीच आहेत, तिथे फरक लगेच कळतो.

आता गाण्यांबद्दल. ऐकायला थोर ते वाजवायला थोर असतंच असं नाही. 'स्मोक ऑन द वॉटर' जगातला प्रत्येक गिटारवाला पहिल्या आठवड्यात वाजवतो, इथेही ते पहिल्याच गटात आहे. 1971 साली स्वित्झर्लंडमधल्या माँट्रोमध्ये फ्रँक झापा या गिटारवाल्याच्या कार्यक्रमात कॅसिनोला आग लागली, त्यावरचं हे गाणं. डीप पर्पलची ती धून अजरामर आहे, पण बटणांवर चौथ्या दिवशी संपली. उलट कॅन्सस बँडचं 'कॅरी ऑन वेवर्ड सन' मी आधी कधी मन लावून ऐकलंही नव्हतं. दुसऱ्या भागात ते आलं आणि डोकं फिरलं. सतत तुटतं, थांबतं, वळतं. आजही महिन्यातून दोनदा तरी लावतो. हार्टचं 'बाराकुडा' ढोलवाल्यांसाठीच बनवलंय असं वाटतं, अगदी घोड्याच्या टापा. माझा भाचा अजून तिथे अडतो, मी पहिल्या दिवशी पार झालो.

ब्लॅक सबाथ बँडच्या 'आयर्न मॅन'ने मात्र माझी जिरवली. संथ आहे म्हणून सोपं वाटतं आणि तिथेच फसतो. पथकात आम्हाला पुढे पळायची सवय, मिरवणूक तापली की लय आपोआप चढते. इथे दोन ठोक्यांच्या मध्ये गप्प उभं राहायचं. भाचा मागून ओरडतो, "मामा, थांब ना जरा!" हे वाजवणारा टोनी आयोमी बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि डावखुरा असल्याने तार दाबायचा हात तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, वर चामडं लावलं आणि वाजवत राहिला. आमच्या प्रेस शॉपमध्ये अशी बोटं गेलेली माणसं आहेत. त्यातल्या एकाला मी ही गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "भाऊ, त्याला भरपाई मिळाली होती का?"

रोलिंग स्टोन्स या इंग्रज बँडचं 'पेंट इट ब्लॅक' तिसऱ्या भागात आहे. मूळ गाण्यात मुख्य सुरावट त्यांच्यातल्या ब्रायन जोन्सने सतारीवर वाजवलीय. म्हणजे नाशिकमध्ये बसून मी इंग्रजाची सतार अमेरिकन गेममध्ये प्लास्टिकच्या गिटारीवर वाजवतो. असो. त्याच तिसऱ्या भागात टॉम मोरेलो आणि स्लॅशशी गिटारीवरची मारामारी आहे. त्यात एकमेकांची तार तोडायची, बटणं उलटी करायची. दोघेही मोठे वादक, पण त्या भानगडीत गाणं कानात शिरतच नाही. लेड झेपलिन हा बँड कुठेच नाही, त्यांनी या गेमना गाणी दिलीच नाहीत. बीटल्सचा स्वतंत्र गेम 2009 ला निघाला, 45 गाण्यांचा, पण तो पीएसटूवर चालत नाही.

आवाजाचं म्हणाल तर गाण्याचा त्रास कोणाला नाही, हेडफोन लावतो. त्रास त्या पट्टीच्या टकटकीचा. खालच्या मजल्यावरच्या आजींनी दोनदा विचारलं, "तुमच्याकडे रात्री उंदीर कुरतडतात का हो?" हल्ली गिटार मांडीवर उशी घेऊन वाजवतो.

गिटार यायला लागली का, असं सगळे विचारतात. नाही. एक तार धरता येत नाही. भाच्याच्या मित्राची खरी गिटार हातात घेतली तेव्हा बोटं बटणंच शोधत होती. उजव्या हाताची लय तेवढी चालली. ढोलावर मात्र फरक पडलाय. मार्चमध्ये एका मिरवणुकीला पथक उभं होतं, तर मित्र म्हणाला, "तू आज पळत नाहीयेस, बरं आहे ना?"

'फ्री बर्ड' अजून पूर्ण गेलेलं नाही. दुसऱ्या भागातलं शेवटचं, नऊ मिनिटांचं गाणं. पहिली चार-पाच मिनिटं कीर्तनासारखी निवांत जातात आणि मग जे सुटतं ते थांबतच नाही. अवघड पातळीवर त्या धावपळीच्या निम्म्यापर्यंत पोचलोय. सरावाच्या सोयीत तुकडा निवडून संथ करता येतो, तसा रोज दहा मिनिटं घासतो. परवाच्या पावसात डबा टीव्हीवर आडव्या रेघा आल्या आणि नारिंगी बटण चिकटायला लागलंय. रविवारपासून गणपतीचा सराव सुरू, म्हणून गिटार गोधडीत गुंडाळून माळ्यावर टाकली. मेंटेनन्सच्या पोराला स्प्रिंग बघून ठेवायला सांगितलंय. या वेळी तो दोन मिसळी मागतोय.