घराजवळचे केमोथेरपी केंद्र: दहा फेऱ्यांनंतरचा अभिप्राय

माझे यजमान हर्णै बंदरात मासळीचे व्यापारी आहेत आणि मी दापोलीच्या एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करते. गेल्या वर्षी जानेवारीत त्यांच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया मुंबईत झाली आणि त्यानंतर डॉक्टरांनी दर १४ दिवसांनी एक याप्रमाणे केमोथेरपीच्या १२ फेऱ्या सांगितल्या. (केंद्रात सगळे ‘सायकल’ म्हणतात, पण घरात दोन सायकली उभ्या असताना मला तो शब्द रुळला नाही.) पहिल्या दोन फेऱ्या मुंबईत घेतल्या आणि उरलेल्या दहा घरापासून दीड तासाच्या अंतरावर, महामार्गालगतच्या एका लहान डे-केअर केंद्रात घेतल्या. त्या केंद्राविषयी हे लिहीत आहे. नाव देत नाही, कारण उणिवाही लिहायच्या आहेत आणि तिथे काम करणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

ज्यांच्या घरी हा उपचार ठरला आहे त्यांच्यासाठी आधी त्याचे वेळापत्रक सांगते, कारण केंद्राची खरी किंमत त्यावरूनच कळते. ‘फॉलफॉक्स’ नावाच्या या उपचारात ऑक्सॅलिप्लॅटिन हे औषध खुर्चीत बसवून सुमारे दोन तास देतात आणि मग फ्लुओरोयुरॅसिल हे दुसरे औषध अंगाला जोडून घरी नेता येणाऱ्या छोट्या पंपाने, छातीत त्वचेखाली बसवलेल्या पोर्टमधून (शिरेला जोडलेल्या छोट्या डबीतून) सलग ४६ तास जात राहते. म्हणजे एका फेरीत दोनदा जावे लागते, एकदा औषध चढवायला आणि तिसऱ्या दिवशी पंप काढायला. मुंबईत हेच करताना बुधवारी रात्री निघून रविवारी घरी पोचणे होई. कर्करुग्णाला रेल्वेत शयनयान व थ्री एसीत पूर्ण आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते, त्यामुळे प्रवासभाड्याचा बोजा नव्हताच. बोजा होता तो परळच्या खोलीभाड्याचा, बाहेरच्या जेवणाचा आणि त्याहून अधिक बुडालेल्या दिवसांचा. शस्त्रक्रिया आणि या दोन फेऱ्या मिळून माझी वर्षाची हक्काची रजा मार्चअखेरच संपली होती.

केंद्रात सहा खुर्च्या आहेत, एक डॉक्टर आठवड्यातून ठरावीक दिवशी येतात आणि औषधांचे प्रमाण मुंबईच्या डॉक्टरांच्या कागदावरूनच ठरते. मला सर्वांत आवडलेली गोष्ट खुर्चीच्याही आधीची आहे. आदल्या दिवशी दापोलीतच रक्त तपासून अहवाल मोबाइलवर पाठवला की रात्री आठच्या आत तिथल्या सिस्टर फोन करून ‘या’ किंवा ‘येऊ नका’ असे सांगत. पांढऱ्या पेशी कमी असल्या तर फेरी आठवडाभर पुढे ढकलावी लागते. आमची एकदा ढकलली गेली, पण त्यासाठी पहाटे उठून दीड तास जाऊन परत यावे लागले नाही. मुंबईत हे उत्तर रांगेत दोन तास उभे राहिल्यावर मिळाले असते.

पंपाविषयी मनात भीती होती, कारण आमच्याकडे पावसाळ्यात वीज दिवसदिवस नसते. पण हा पंप विजेवर चालत नाही. प्लास्टिकच्या बाटलीत एक फुगा असतो आणि तो आकसत जाईल तसे औषध पुढे सरकते. नळीवरचा वेग राखणारा छोटा तुकडा त्वचेला चिकटलेलाच राहिला पाहिजे, कारण त्याचा वेग शरीराच्या उबेवर बेतलेला असतो, हे सिस्टरांनी आम्हा दोघांना करून दाखवले आणि मग माझ्याकडून करवून घेतले. गळती झाली तर वापरायचे हातमोजे आणि रात्रीही उचलला जाणारा फोन नंबर घेऊनच आम्ही निघायचो. तो नंबर मी एकदाच वापरला. रात्री पावणेदोनला पलीकडून झोपेतला, पण नीट ऐकून घेणारा आवाज आला.

ऑक्सॅलिप्लॅटिनचा एक परिणाम मात्र आमच्या धंद्याच्या मुळावर आला. हे औषध घेतल्यावर काही दिवस थंड वस्तूला हात लागला की बोटांत विजेचा झटका बसल्यासारख्या मुंग्या येतात आणि थंड पाणी प्यायले तर घसा आवळल्यासारखा होतो. ज्या माणसाने पंचवीस वर्षे बर्फाची लादी फोडून सुरमई आणि पापलेट खोक्यांत भरले त्याला बर्फापासून दूर बसायला सांगणे म्हणजे काय, हे बंदरावरच्या माणसाला वेगळे सांगायला नको. केंद्रात याची जाण होती, पण ती उशिरा आली. पहिल्या दिवशी त्यांची खुर्ची नेमकी एसीच्या झोताखाली होती आणि सांगूनही बदलली गेली नाही. पांघरूण आम्ही घरून नेले. तिथल्या तिसऱ्या फेरीपासून भिंतीकडची खुर्ची मिळू लागली आणि पिण्याचे पाणी कोमट ठेवले जाऊ लागले.

भाव ठरवणे त्यांचे आणि बर्फ फोडणे पुतण्याचे, अशी वाटणी आम्ही केली. खुर्चीतले काम गुरुवारी दुपारी दीडपर्यंत आटोपे, त्यामुळे हर्णैचा सायंकाळचा लिलाव सुरू होण्याआधी आम्ही किनाऱ्यावर पोचत असू. ते गाडीत काचा वर करून बसत आणि बोली मी लावत असे. उशीर होण्याची चिन्हे असली तर ते सलाइन लावलेले असतानाच पुतण्याला फोनवर दर सांगत. सिस्टरांनी कधी हटकले नाही, उलट शेजारच्या खुर्चीतल्या आजी आज बांगडा कसा, हे विचारू लागल्या.

पैशांच्या बाबतीत केंद्राला मी मध्यम गुण देईन. औषध, पंप आणि खुर्ची धरून आमचे एका फेरीचे बिल १८ ते २२ हजारांच्या दरम्यान आले. केमोथेरपीसाठी २४ तास दाखल राहावे लागत नसले तरी आमच्या पॉलिसीत ती डे-केअर उपचार म्हणून समाविष्ट होती. मात्र हे केंद्र आमच्या विमा कंपनीच्या कॅशलेस यादीत नाही. आधी भरा आणि मग मागा, असा मामला. दाव्याची रक्कम यायला पाच-सहा आठवडे लागत, म्हणजे कोणत्याही क्षणी आमचे तीन फेऱ्यांचे पैसे अडकलेले असत आणि तेही एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा लिलावात उभे राहायचे तर खिशात रोकड लागते. मी बांगड्या तारण ठेवून कर्ज काढले आणि दावा आला की तेवढी रक्कम लगेच भरत गेले, म्हणून व्याज आटोक्यात राहिले. पहिल्या दाव्यात कंपनीने पंपाची किंमत कापली आणि शनिवारचे पंप काढण्याचे बिल ‘या तारखेला दाखल नाही’ म्हणून परत पाठवले. केंद्राने डॉक्टरांचे पत्र दिले आणि पुढच्या वेळेपासून पंप काढण्याचा उल्लेख गुरुवारच्याच डिस्चार्ज कागदात होऊ लागला. त्यानंतर तक्रार आली नाही. हा कागद पहिल्याच दिवशी असाच मागून घ्यावा. ज्यांना महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे आहेत त्यांनी मात्र आधी चौकशी करावी, कारण आमच्या काळात हे केंद्र त्या योजनेत नव्हते आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण सोडून इथे खिशातले पैसे घालण्यात अर्थ नाही.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत आमच्याकडे वेळ होता आणि उत्पन्न नव्हते. बिले मात्र त्याच आकड्याची येत राहिली. हप्त्याने भरण्याची विनंती केली तर काउंटरवरून नकार मिळाला. तो नियमाला धरून असेल, पण ज्या किनाऱ्यावर निम्म्या घरांची मिळकत पावसाळ्यात थांबते तिथे असा नियम आंधळा वाटतो. जुलैत झाड पडून रस्ता अडला आणि आम्ही दोन तास उशिरा पोचलो तेव्हा खुर्ची राखून ठेवलेली होती, हेही त्याच पानावर लिहायला हवे.

सर्वांत मोठी अडचण रविवारची होती. केंद्र रविवारी बंद असल्याने शुक्रवारी पंप लावता येत नसे आणि नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला गुरुवारच हवा असे, म्हणजे पंप शनिवारी निघे आणि एकच पूर्ण रजा पडे. सहा खुर्च्यांसाठी गुरुवारी नऊ-दहा जणांची मागणी असे. मला दहापैकी सात गुरुवार मिळाले, उरलेल्या तीन वेळा बिनपगारी रजा घ्यावी लागली. शेवटच्या फेरीच्या दिवशी मी केंद्राच्या व्यवस्थापकांना लेखी विनंती दिली की रविवारी सकाळी निदान पंप काढण्यापुरती एक सिस्टर ठेवावी, त्यासाठी वेगळे शुल्क घेतले तरी चालेल. दुसऱ्या महिन्यात तपासणीला गेलो तेव्हा दारावर रविवारची वेळ लिहिलेला कागद चिकटवलेला होता, सकाळी नऊ ते अकरा, आणि खाली पेनाने लिहिले होते: आदल्या दिवशी फोन करावा.