ड्राय कॅबिनेट, १४ महिन्यांनंतर: कपाट चांगलं, पण शनिवारी रात्री आत काय झालं?

मागच्या महिन्यात माझ्या ड्राय कॅबिनेटचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पार्ट कोरड्या हवेत ठेवायच्या कपाटाचं, सुकवणारं युनिट बंद पडलं आणि ते बंद आहे हे कळायला तीन दिवस गेले. म्हणून हा रिव्ह्यू. लिटर, शेल्फ, स्टॅटिक रोखणारा ईएसडी रंग हे सगळं कॅटलॉगमध्ये आहे, ते इथे परत लिहीत नाही.

कपाट घेतलं ते एका बंद होणाऱ्या मायक्रोकंट्रोलरच्या लास्ट-टाइम बायसाठी, म्हणजे उत्पादन थांबण्याआधीच्या शेवटच्या खरेदीसाठी. पार्ट बंद होण्याची नोटीस आली की त्यासाठीच्या जे-एसटीडी-०४८ या मानकाप्रमाणे साधारण ६ महिने शेवटच्या ऑर्डरला आणि १२ महिने शेवटच्या डिलिव्हरीला मिळतात. महिन्याला ३०० बोर्ड, ५ वर्षं, म्हणजे १८,०००. लाइनवरची नासाडी १ टक्का धरून १८०, रिपेअरसाठी ३ टक्के म्हणजे ५४०. एकूण १८,७२०. रील, म्हणजे पार्टची पट्टी गुंडाळलेलं चाक, २,५०० ची, म्हणून ८ रील. मग आठही रील मावतील एवढं कपाट.

इथेच पैसे वाया गेले. पहिले चार महिने माझं मत होतं की कपाट लहान पडतंय. आता म्हणतो, निम्म्या आकाराचं घ्यायला हवं होतं. सीलबंद रीलचं ड्राय कॅबिनेटमध्ये कामच नाही. ओलावा अडवणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पिशवीत, डेसिकंट (ओलावा शोषणारी पुडी) आणि आर्द्रता कार्डासकट (ओलाव्याने ठिपक्यांचा रंग बदलतो ते) पॅक केलेली रील साध्या रॅकवर राहते. तापमान ४० अंशांच्या आत आणि आर्द्रता ९० टक्क्यांच्या आत असली की सील केल्यापासून किमान १२ महिने ठीक. नंतर ती फेकायची नाही. पिशवी उघडा, कार्डावरचे ठिपके बघा, चांगले असतील तर ताजं डेसिकंट आणि नवं कार्ड टाकून पुन्हा सील करा. सील करताना हवा हलकेच काढायची, पिशवी दगडासारखी कडक करायची नाही. कोपरे टोचून भोकं पडतात. आणि चंदेरी दिसते ती प्रत्येक पिशवी ओलावा अडवत नाही. उजेडासमोर धरल्यावर आतलं दिसलं तर ती फक्त स्टॅटिकसाठीची. पाच वर्षांचा स्टॉक त्यात भरणारे लोक आहेत.

आठपैकी एका वेळी उघडी असते एकच रील. कपाट त्या एकीसाठी. पार्ट एमएसएल ३ चा (एमएसएल म्हणजे पार्ट ओलावा किती सोसतो त्याची श्रेणी), म्हणजे ३० अंश आणि ६० टक्क्यांच्या आतल्या हवेत १६८ तास. टेबलावर ठेवली तर रीलची मुदत सात दिवसांत संपली समजा. पण २,५०० ची रील चालते आठ महिन्यांहून जास्त. महिन्यातून दोन रन (बोर्ड बनवायच्या फेऱ्या), प्रत्येकी ६ तास बाहेर, म्हणजे आठ महिन्यांत ९६ तास. कपाटात खरोखर ५ टक्के किंवा कमी असेल तर आतला वेळ मोजायचाच नाही, आणि १६८ ची मर्यादा ओलांडली जात नाही. शिवाय १२ तासांपर्यंतच बाहेर राहिलेली एमएसएल ३ ची रील, बाहेरच्या वेळेच्या पाचपट वेळ १० टक्क्यांच्या आत ठेवली की १६८ तासांचं घड्याळ शून्यावर येतं. ६ तासांना ३० तास. हे जमलं नाही तर बेक, म्हणजे तापवून ओलावा काढणं. साधी रील १२५ अंश सोसत नाही. ४० अंशांवर, ५ टक्क्यांच्या आत, १.४ मिलिमीटरपर्यंत जाडीच्या एमएसएल ३ पार्टला ९ ते १३ दिवस. तोवर लाइन बसून.

म्हणजे सगळा डोलारा ‘खरोखर ५ टक्के’ या शब्दांवर उभा आहे. आणि माझं भांडण तिथेच आहे: हे कपाट काहीच नोंदवून ठेवत नाही. काचेवर फक्त आत्ताचा आकडा. सोमवारी सकाळी ४ दिसतं. शनिवारी रात्री लाइट गेली होती का, दार नीट लागलं होतं का, आत २५ झालं होतं का, देव जाणे. एवढ्या किमतीच्या यंत्रात मेमरीची एक चिप टाकायला काय जात होतं? शेल्फ मजबूत आहेत, आवाज नाही, वीज कमी खातं, सगळं मान्य. पण रील बेक करायची की लावायची हे आतला इतिहास ठरवतो, आणि तोच नाही.

त्यावर उपाय म्हणून आत साधा डेटा लॉगर ठेवला, दर १० मिनिटांना नोंद. स्वस्त लॉगर १० टक्क्यांखाली आकड्याला भरवशाचे नसतात, पण चढ-उतार बरोबर दाखवतात. आकड्यासाठी ५-१०-६० चं (५, १० आणि ६० टक्क्यांचे ठिपके असलेलं) आर्द्रता कार्ड दाराच्या काचेला आतून चिकटवलं. काचेवर ४ आणि कार्डावरचा ५ चा ठिपका बदललेला, असं दिसलं तर कार्डावर विश्वास ठेवा.

लॉगरने दोन गोष्टी उघड केल्या. दार उघडल्यावर तासाभरात आर्द्रता पूर्ववत व्हावी अशी ओलावा न सोसणाऱ्या पार्टच्या हाताळणीचं मानक असलेल्या जे-एसटीडी-०३३ ची अपेक्षा आहे. एकदा उघडलं तर होते. दिवसात दहा वेळा उघडलं की संध्याकाळपर्यंत ५ दिसतच नाही. आता रनचे सगळे पार्ट सकाळी एकदम काढतो, संध्याकाळी एकदम परत. दुसरं म्हणजे पुठ्ठा. रील खोक्यासकट आत सारली की कपाट आधी खोकं वाळवत बसतं. खोकी, कागद, फोम बाहेर.

आता बिघाड. आतलं झिओलाइट काही तास ओलावा शोषतं, मग झडप बाहेर वळते, हीटर तापतो आणि वाफ मागच्या जाळीतून जाते. या फेरीत आकडा थोडा चढणं नॉर्मल. पण दिवसभरात एकदाही मागची जाळी कोमट लागली नाही तर हीटर गेला. सर्व्हिसवाल्यांनी आधी दाराच्या गॅस्केटला (रबरी पट्टीला) दोष दिला, मग अख्खं युनिट बदलायला सांगितलं. मीटर लावल्यावर थर्मल फ्यूज, म्हणजे जास्त तापल्यावर वीज तोडणारा फ्यूज, उडालेला निघाला. त्याच तापमानाचा आणि करंटचा फ्यूज टाकला, चालू. तो शॉर्ट मात्र कधीच करू नका, हीटर बेलगाम तापेल.

पुन्हा घेणार का? हो, पण निम्म्या आकाराची दोन: एक रोजच्या उघडझापीला, एक महिनोन्महिने हात न लागणाऱ्या उघड्या रीलना. लॉगिंगचा पोर्ट असेल तरच. तोवर लॉगरची बॅटरी दर तिमाहीला बदलायची, कारण मागच्या वेळी तीही नेमकी शनिवारीच संपली.